बोअरजवळ कोण बसलं होतं

भूमहून वर बालाघाटाच्या अंगाला निघालं, की फाट्यावरून आत आमचं चिंचदरा. गाव एवढंसं, पण शिवारात मेलेले बोअर इतके की जमिनीची चाळणी झालेली. ते मेलेले बोअर श्वास घेतात हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी सांगायचो तेव्हा लोक हसायचे. पुढं दिल्लीनं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. आमच्या गावात दिल्लीचा भाव माझ्यापेक्षा बरा आहे.

ह्यातले बहुतेक बोअर माझ्या शेजारच्या उत्तरेश्वरनं दाखवलेले. उत्तरेश्वर पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी रानातून चालायचा, आणि पाणी असेल तिथं नारळ शेंडी वर करून आपोआप उभा राहायचा. एक काळ असा होता, की परंड्यापर्यंतचे लोक त्याला मोटारसायकलवर मधे बसवून न्यायचे, पुढं एक मागं एक, जसा काही आमदार पळवून नेतात. मग हात फिरला. नारळ उभा राहायचा, बोअरची गाडी यायची, आणि जमिनीतून पाण्याऐवजी पांढरा भुगा उडायचा. उत्तरेश्वर त्या भुग्यात उभा. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

कोरड्या बोअरच्या तोंडावर पाणाड्यानं आपल्या हातानं दगड ठेवायचा, दगडाला कुंकू लावायचं, अशी इकडची रीत. तोंड उघडं राहिलं तर ती जमीन शेजाऱ्याचंही पाणी पिते म्हणतात. दगड उचलून उचलून उत्तरेश्वरची कंबर गेली होती.

दुसरी रीत त्याहून कडक. पाणाड्यानं स्वतःच्या रानात पाणी बघायचं नाही. बघितलं तर हात जातो, म्हणजे पाणी ओळखायचा गुण जातो. उत्तरेश्वरचा बाप योगीराज, तोही पाणाड्या. त्यानं बघितलं होतं. आपल्याच रानात विहीर पाडायला घेतली आणि विहीर त्याच्यावर बसली. माणूस काढता आला नाही. आहे तिथं बुजवून त्यावर पुढच्या साली जोंधळा पेरला. मातीच्या पाट्या टाकायला मी होतो. त्या तुकड्यातला जोंधळा पुरुषभर वाढला, पण पाखरू कधी त्यावर बसलं नाही.

तरी उत्तरेश्वरनंही एकदा त्याच रानात, बुजवलेल्या विहिरीच्या कडेला, बोअर घेतला होता. गाव येडाईच्या यात्रेला येरमाळ्याला गेलेलं, बायको कमलबाई बाळंतपणाला माहेरी. गाडीवरची माणसं तमिळनाडूची, त्यांची बोली आपल्याला कळायची नाही. आम्ही गुलाल लावून परत आलो तर गाडी गेलेली, बोअरवर दगड, दगडावर कुंकू. "कोरडा गेला," उत्तरेश्वर म्हणाला. कुणी जास्त विचारलं नाही. कोरडा जाणं ही बातमी नव्हती.

त्याच बाळंतपणातली पोरगी शिवांजली. नववीत गेली तेव्हाची ही गोष्ट.

*

मागच्या पावसाळ्यानं आमच्याकडं तोंडच दाखवलं नव्हतं. चैतात टँकर सुरू झाला. कमलबाई खव्याच्या भट्टीवर कामाला. आमच्या भागातला खवा लांब लांब जातो. लोकांना त्याचा पेढा माहीत, कढईजवळ उभं राहणाऱ्या बाईचा दंड माहीत नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत उलथनं फिरवायचं, दूध करपू द्यायचं नाही, वाफ तोंडावर. तिथून आली की घागरी घेऊन टँकरच्या रांगेत.

रांगेत बायका वाट करून द्यायच्या. मान म्हणून नाही, मजा म्हणून.

"सरका गं, पाणाड्याची बायकू आली. तिला नारळ दावला की टँकर उभा ऱ्हातो."

"आवं कमलबाई, मालकाला म्हणावं टँकरमधी तरी पाणी हाय का बगा."

कमलबाई आपल्या घागरी भरून घ्यायची. घागर डोक्यावर घेताना तिच्या मानेची शीर तट्ट व्हायची, ती मला माझ्या ओट्यावरून दिसायची. दोन म्हशींतली एक तिनं त्याच महिन्यात विकली. म्हैस टेम्पोत चढेना. मग कमलबाईच पुढं होऊन टेम्पोत चढली, आणि तिच्या मागं म्हैस चढली. मग बाई तेवढी उतरली.

अशा दिवसांत शाळेत पेटी आली.

दिल्ली, पुणे, बंगळूर अशा ठिकाणच्या संस्थांनी मिळून देशभरातल्या शाळांचं एक जाळं विणलंय. पोरांनी विज्ञान पाठ करत बसू नये, आपल्या गावात करून बघावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या धाराशिवच्या अयोध्याताई स्कूटीवरून पेटी घेऊन आल्या. पेटीत हवेचा दाब मोजायचं यंत्र, टोकाला घंटी बांधलेली लांबलचक पट्टी आणि एक मोबाईल. मोबाईलमध्ये देशाचा नकाशा. नकाशावर टिंबंच टिंबं.

"ही सगळी शाळंतली पोरं?" शिवांजलीनं विचारलं.

"तुझ्याएवढीच. दर शनिवारी दुपारी सगळे एकदम मोजतात."

"लडाकातलीबी?"

"ते बर्फ मोजतात. तू विहिरी, बोअर मोज."

"आमच्या बोअरात काय न्हाय ताई."

"मग काय नाही ते मोज," अयोध्याताई म्हणाल्या. "तेही कुणीतरी मोजायला पाहिजे."

पोरीला ते बोलणं फार लागलं. चांगलं लागलं. शाळेचे विज्ञानाचे गौरीशंकर सर उमरग्याकडचे, घरात कानडी, वर्गात मराठी आणि राग आला की दोन्ही. त्यांनी शिवांजलीला पुढारी केली. पाणी असेल तिथं नकाशावर निळं टिंब, कोरडं असेल तिथं तांबडं, मोजलं नसेल तिथं पांढरं. गावातलं एकही टिंब पांढरं राहू नये, तरच शाळेचं काम हैदराबादच्या देशपातळीवरच्या मेळाव्याला जाणार. आमच्या गावातून त्याआधी देशपातळीवर फक्त ऊसतोडीचे लोक गेले होते.

*

बोअर मोजायचे तर दगड उचलावे लागणार. लोकांनी का-कू केलं, पण उत्तरेश्वरच्याच लेकीनं उचलायचे म्हटल्यावर बोलायला जागा राहिली नाही. बापानं झाकलेलं लेकीनं उघडायचं, घरातला मामला.

पट्टी आत सोडायची. घंटी कडेला आपटत आपटत खाली जायची, तिचा आवाज बारीक होत जायचा, आणि तळाला कोरडा ठक. तांबडं टिंब. पुढचा बोअर. ठक. उत्तरेश्वर लांब बांधावर उभा राहून ऐकायचा. प्रत्येक ठकला त्याचा खांदा जरासा उडायचा.

पिशव्यांची युक्ती गौरीशंकर सरांची. उघड्या बोअरच्या तोंडाशी कान नेला तर वारा लागतो, असं पोरं म्हणायला लागली. सरांनी किराणा दुकानातल्या पातळ पिशव्या आणल्या, आणि प्रत्येक बोअरच्या पाइपाला एकेक सुतळीनं आवळून बांधली. सकाळ टळली होती. पान हलत नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली आणि पिशव्या उठल्या.

एक नाही. सगळ्या. खालच्या रानातली, मसणवाट्याजवळची, पाझर तलावाच्या पोटातली. लोळागोळा पडलेल्या पिशव्या हळूहळू ताठ झाल्या, फुगल्या, आणि एकाच अंगाला मान करून उभ्या राहिल्या. तांबड्या, निळ्या, पांढऱ्या. सगळ्या शिवारात कुणीतरी जमिनीखालून एकाच दमात फुंकर घातल्यासारखं. माझ्या शेजारी उभा असलेला कुत्रा शेपूट पायात घालून गावाकडं निघाला, आणि खरं सांगायचं तर मलाही तिकडं काम आठवलं.

दिवस कलायला लागला तशा त्याच पिशव्या आत ओढल्या गेल्या. पाइपात अर्ध्या शिरल्या. वर नुसती गाठ.

"दुपारी हवेचा दाब उतरतो," सर मोठ्यानं सांगत होते. "खालची हवा बाहेर येते. संध्याकाळी दाब वाढतो, हवा आत जाते. याच्यात भ्यायचं काय?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "सर, तुमी जरा पुढं होऊन पिशवी सोडा की मग."

सर जागचे हलले नाहीत. शिवांजली गेली. तिनं एकेक पिशवी सोडली, आणि प्रत्येक तोंडापाशी हात धरून बघितलं. परत आली तेव्हा म्हणाली, "सर, सगळे एकदमच घेतेत. म्हंजी खाली सगळे जोडलेले हायत. पोकळ हाय खाली."

"शाब्बास."

"मग पाणी असल तो बोअर श्वास घ्यायचा न्हाय. त्याचं तोंड पाण्यानं बांधलेलं असल."

सरांनी मान हलवली. बांधावर उत्तरेश्वर होता. तो खाली बसला आणि आपल्या रानाकडं बघू लागला.

*

राहिलं एक टिंब. पांढरं. त्यांच्याच रानातलं.

"त्याला हात लावायचा न्हाय," उत्तरेश्वरनं सांगितलं.

"कामून आण्णा? तुमीच म्हणता कोरडा हाय."

"कोरडा हाय तर मोजायचं काय?"

"काय न्हाय ते."

उत्तरेश्वर जेवता जेवता उठला. पोरगी रोज शाळेतून येताना त्या दगडापाशी थांबायची. दगडाला कान लावायची. एकदा मी हटकलं.

"काय ऐकू येतंय?"

"काय न्हाय तात्या. वाराबी न्हाय." तिनं कानाला लागलेलं जुनं कुंकू पुसलं. "दगड गार हाय. बाकीच्या दगडांवर पाय ठिववत न्हाय उन्हात."

मी हात लावला. भर चैतातल्या दुपारी तो दगड रांजणाच्या बुडासारखा गार होता. मी हात काढून घेतला आणि घरी येऊन चुलीजवळ धरला.

शनिवार जवळ आला. अयोध्याताईंचा फोन आला, की एवढं एक पांढरं टिंब भरलं नाही तर चिंचदऱ्याचं काम अपुरं धरतील. शिवांजलीनं ते बापाला सांगितलं नाही. तिनं कमलबाईला सांगितलं. कमलबाई नुकतीच टँकरवरून आलेली, दंडाला फोड आलेली, घागर अजून कमरेवर. तिनं ऐकलं, घागर उतरवली, आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा."

"कुठं?"

"लेकीच्या टिंबाला."

दुपारची वेळ होती. आम्ही चौघं, आणि मागून गौरीशंकर सर मोबाईल घेऊन. उत्तरेश्वर सगळ्यांच्या पुढं चालत होता. दगडापाशी आल्यावर त्यानं आम्हाला मागं सारलं. स्वतः वाकला, दोन्ही हात खाली घातले आणि दगड बाजूला केला. कंबर गेलेला माणूस. त्या दगडाला एरवी दोघं लागले असते.

वारा आला नाही. काहीच आलं नाही. पाइपाचं तोंड काळं. शिवांजलीनं पट्टी सोडली. घंटी वाजत खाली निघाली, आणि आम्ही ठकची वाट बघत होतो तोच लगेच आवाज आला.

डुबुक्.

तिनं पट्टी वर घेतली, परत सोडली. डुबुक्. पुन्हा घेतली. सर म्हणाले, "बास, कळलं." ती म्हणाली, "तीनदा घ्यायचं असतंय सर." तिसऱ्यांदा सोडली. ह्या खेपेला पट्टी तिच्या हातातून थोडी पुढं गेली, पाणी लागल्यावरही. खालून कुणी बोटानं हलकीच ओढावी तशी. तिनं मुठीत धरली. मुठीवर घाम आला होता. मग पट्टी सैल झाली.

"किती हाय?" सरांनी विचारलं.

तिनं आकडा सांगितला. माणूस दोरीनं शेंदून काढील एवढ्या वर पाणी होतं.

*

कमलबाई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती बोअरजवळ खाली बसली. आपले दोन्ही दंड तिनं उलटे करून बघितले, भाजल्याचे डाग, फोड, जसे काही दुसऱ्या कुणाचे हात बघावेत.

"शिवांजली माझ्या पोटात व्हती तवापून हे पाणी हितं हाय?" तिनं विचारलं.

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला.

"म्या म्हैस इकली."

"व्हय."

"तुमी बगत व्हता."

उत्तरेश्वर पाइपाकडं बघत होता. "पाणी लागलं तवा लई खूश झालो. गाडीवाली माणसं नाचाया लागली. मग मशीन बंद केलं. आन आतून म्हणालं, 'पुरं.'"

"कोण म्हणालं?"

"आण्णा." त्याचा बाप. योगीराज. "त्येंचा आवाज मला म्हाईत न्हाय व्हय? पुरं, म्हणाले. म्या मनात म्हणलं, हात जाईल माझा. हे पाणी वापरलं तर हात जाईल. झाकलं. झाकलं तर हात ऱ्हाईल असं वाटलं." तो आपल्या तळहाताकडं बघत राहिला. "तरीबी गेला. पर लोकांस्नी न्हाय सांगता आलं. नारळ म्या बोटानं उभा करायचो."

त्याच्या पाठीमागचं एवढं मोठं शिवार, त्यातले सगळे दगड, मला त्या वेळी दिसले. एकेका दगडाखाली त्याचं बोट होतं.

कमलबाईनं पदर खोचला. पट्टीच्या टोकाची घंटी सोडून तिथं घरून पाणी आणलेला लहान पितळी तांब्या बांधला, बोअरात सोडला, भरून वर ओढला. स्वतः प्याली नाही. नवऱ्याच्या पुढं धरला.

"प्या."

त्यानं घेतला. पिताना त्याच्या नरड्याचा आवाज फार मोठा झाला. पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं, "आता सांगा गावाला. म्या न्हाय सांगायची. तुमीच."

शिवांजलीच्या हातात मोबाईल होता. टिंब अजून पांढरं. बापाकडं बघत ती थांबली होती. तिला एवढंच करायचं होतं, एक बोट ठेवायचं. पण त्या बोटानं बाप उघडा पडणार होता. उत्तरेश्वरनं तोंड पुसलं.

"निळं कर," तो म्हणाला.

*

गावानं त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं तो मला नंतर म्हणाला. लोक नुसते घागरी घेऊन त्याच्या रानात येऊ लागले. पंचायतीनं मोटार बसवली, नळ जोडले, टँकर बंद झाला. रांगेतल्या बायका कमलबाईला पुढं घालू लागल्या, ह्या वेळी मजा म्हणून नाही. कमलबाई रांगेतच उभी राहायची.

पण दुपारी कुणी तिथं थांबत नसे. थांबायचा एकटा उत्तरेश्वर. पोतं टाकून बोअरजवळ बसायचा, उकिडवा, बाप बसायचा तसा. का बसतोस विचारलं तर म्हणायचा, "मोटारीवर ध्यान ठेवतो." मोटार दुपारी बंद असायची.

शिवांजली रोज पाणी मोजायची. आणि पाणी दुपारी वर यायचं, हातभर. बाप उठून घरी आला की खाली जायचं.

"दाब उतरला की पाणी थोडं चढतंच," सर म्हणाले. "पुस्तकात आहे. पण हातभर नाही, बोटभर."

दिल्लीवरूनही फोन आला, की लेकराच्या मोजण्यात चूक आहे. त्यांनी आपोआप मोजणारं यंत्र पाठवलं. अयोध्याताईंनी स्वतः येऊन ते बोअरात लटकवलं. आता पोरीनं हात न लावता पाणी मोबाईलवर दिसायचं, दिल्लीलाही दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी हातभर वर आलं. तिसऱ्या दिवशीही. दिल्ली गप्प झाली.

शिवांजली माझ्या ओट्यावर येऊन बसली. "तात्या, एक करून बगायचं का? आण्णांनी काही दिस बसायचंच न्हाय. बाकी सगळं तसंच."

"आन?"

"आन बगायचं."

उत्तरेश्वरला तिनं सांगितलं. त्यानं ऐकलं. तो त्या दिवसांत दुपारी भट्टीवर कमलबाईच्या मागं जाऊन उभा राहायचा, उलथनं फिरवायचा, खवा करपवायचा. तिकडं बोअरातलं पाणी वर यायचं सोडाच, रोज खाली निघालं. घंगाळातून कुणी तांब्यानं काढावं तसं. नळाला हवा येऊ लागली. सरपंच धावत आला. पोरीचं करून बघणं राहिलं बाजूला, गावानं उत्तरेश्वरला हाताला धरून बोअरजवळ नेऊन बसवलं. संध्याकाळपर्यंत पाणी होतं तिथं आलं.

मग पंचायतीनं त्याला छत्री दिली. बाज दिली, तो मात्र पोत्यावरच बसायचा. घरोघरची भाकरी पाळीनं यायला लागली. मेलेल्या बोअरांवर त्यानं जन्मभर दगड ठेवले होते. आता ह्या बोअरवर गावानं तो ठेवला. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, बाजारला जायचं नाही. दुपार झाली की बसायचं. उन्हानं त्याच्या नाकाची साल गेली. बसून बसून पावलं सुजली. मी कधी गेलो तर पुढं सरकून जागा द्यायचा, पण एका बाजूची. दुसऱ्या बाजूला पोतं नेहमी दबलेलं असायचं.

*

हैदराबादचं बोलावणं आलं. चिंचदऱ्याच्या बोअरांचा श्वास, शिवांजली उत्तरेश्वर अमुक, इयत्ता नववी. पोरीनं बापाचा सदरा धुऊन ठेवला.

"आण्णा, तुमी चला संगं. देशातली सगळी पोरं येनार हायत. आपापल्या घरचं माणूस घिऊन."

"मला कुठं जाता येतंय बाळा."

"मी सांगते सरपंचाला."

"पाणी गेलं तर?"

मग गौरीशंकर सर आणि कमलबाई तिला घेऊन गेले. भट्टी सोडून कमलबाई पहिल्यांदा इतकं लांब निघाली होती. सरांच्या घरी उमरग्याला मुक्काम, तिथून हैदराबादची गाडी. फाट्यापर्यंत उत्तरेश्वर पोचवायला गेला, आणि दुपार व्हायच्या आत पळत परत आला.

मेळाव्याचा पहिला दिवस शनिवार होता. त्या दुपारी मी ओट्यावर ताक घेऊन बसलो होतो, तर समोर उत्तरेश्वर.

"अरे, तू हितं?"

"ताक हाय का आणिक?"

मी पेला भरून दिला. त्यानं तो धरून ठेवला. अंगात तो धुतलेला सदरा होता.

"एक डाव न बसता बगतो," तो म्हणाला. "लेक तिथं असताना. गेलं पाणी तर जाऊ दे तात्या. तिला तिथं कळल ते खरं."

"गाव खाईल तुला."

"खाऊ दे."

आम्ही बसून राहिलो. रस्त्यावर कोंबडीसुद्धा नव्हती. त्याची म्हैस दाव्याला होती, ती रवंथ थांबवून रानाकडं बघत होती, कान ताठ. मग त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं मोठ्या आवाजावर टाकला, त्याला तसंच लावता यायचं.

मागं पुष्कळ पोरांचा गलका होता. नाना बोलींतला. त्यातून शिवांजली.

"आण्णा, हितं भिंतीयेवढा नकाशा लावलाय. आपलं टिंब दिसतंय. मी बोलत व्हते आन सगळ्यांदेखत पाणी चढाया लागलं. हातभर. न्हाय, जास्तच. सगळे इचारतेत कसं काय. बसलात न्हवं तुमी?"

उत्तरेश्वरनं माझ्याकडं बघितलं. 'व्हय' म्हणायला त्याला काहीच लागलं नसतं. एवढी वर्षं तो तेच म्हणत आला होता. नारळ उभा राहिला का? व्हय. कोरडा गेला का? व्हय.

"न्हाय बाळा," तो म्हणाला. "म्या तात्यांच्या ओट्यावर हाय."

पलीकडं गलका तसाच चालू होता.

"मग बोअरजवळ कोण हाय?"

"म्हाईत न्हाय."

"नक्की?"

"नक्की न्हाय म्हाईत."

"बरं," ती म्हणाली. "मग तसंच सांगते. पाणी चढलं. जवळ कोण व्हतं, म्हाईत न्हाय. म्हाईत न्हाय असं सांगितलेलं चालतंय, ताई म्हणल्यात."

फोन बंद झाला. उत्तरेश्वर हातातल्या पेल्याकडं बघत होता. त्यानं एक घोटही घेतला नव्हता. मग उठला, चपला घातल्या.

"निघालास? हैदराबादची गाडी उमरग्यावरनं मिळल. फाट्यावर गेलास तर घावंल काय तरी."

"जातो की." अंगणातून तो फाट्याकडं वळला नाही, रानाकडं वळला. पेला दोन्ही हातांत, ताक सांडू नये म्हणून पाऊल बेतानं टाकत.

"अरे, तिकडं कुठं?"

"यवढं दिऊन येतो आन मग जातो," तो मागं न बघता म्हणाला. "बसलेल्या माणसाला तहान लागली असंल. कवापून बसलंय."

पुढं तो हैदराबादला गेला, लेकीबरोबर मोठ्या नकाशापुढं फोटोही काढून आला. बोअरजवळ आता गावातलं कुणी बसत नाही, आणि पाणी दुपारी येतं ते येतंच. माझा तो पेला मात्र परत आलेला नाही. मीही मागायला गेलेलो नाही.